समलिंगी जवानांना उघडपणे सेवा करू द्यावी का? (माजी सैनिक, सैनिक कुटुंबं आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनी जरूर लिहा)

कामठीरोड

जय हिंद मंडळी.

मी पायदळाच्या एका पलटणीत क्लार्क होतो. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, आता नागपुरातच असतो. पलटणीच्या ऑफिसात बसणाऱ्याला प्रत्येक जवानाचं घर कागदावर दिसतं. लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर (अधिकृत नोंदीचा आदेश) निघते, मूल झालं की निघते. किंड्रेड रोलमध्ये आईवडील, बायको, भावंडं यांची नावं चढतात. जवान जखमी झाला तर पहिला फोन कोणाला जाणार आणि त्याचा जीव गेला तर पेन्शन कोणाच्या नावे सुरू होणार, हे त्या कागदांवरून ठरतं. तेव्हा ज्याचं घर त्या कागदावर येऊच शकत नाही, अशा जवानाबद्दल मी बोलतोय.

मागच्या आठवड्यात ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) रांगेत हा विषय निघाला. एक साहेब म्हणाले, "समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं ते शहरातल्या लोकांसाठी, फौजेत असली माणसं नसतातच." मी तिथेच सांगितलं की असतात. आमच्या पलटणीत होता.

शिपाई होता, फायरिंगच्या टीममधला. त्याची पत्रं कोणाच्या तरी हाती लागली आणि वर गेली. कोर्ट मार्शल झालं असतं तर बाहेर चर्चा झाली असती, पलटणीचं नाव आलं असतं, म्हणून ते टाळलं. मग सुरू झाली दुसरी वाट. रोलकॉलला दोन मिनिटं उशीर, सात दिवसांची शिक्षा. खाटेखालचा ट्रंक नीट नाही, चौदा दिवस. असं करत करत शीट रोलवर (सेवेच्या नोंदपत्रावर) शिक्षेच्या चार लाल नोंदी भरल्या, कारणे दाखवा नोटीस निघाली आणि तो घरी गेला. पंधरा वर्षं पूर्ण नव्हती, म्हणून पेन्शन नाही. त्याच्या कोणत्याही कागदावर तो समलिंगी होता म्हणून काढला असं लिहिलेलं नाही. लिहिलंय ते एवढंच, की हा बेशिस्त आहे. ज्याच्या गोळ्या शंभर मीटरवर एका जागी बसायच्या, तो बेशिस्त.

जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत सांगितलं की फौज जुन्या वळणाची आहे आणि हे आम्ही फौजेत चालू देणार नाही. त्यांच्या सेवेबद्दल मला पूर्ण आदर आहे. या मुद्द्यावर मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. खेड्यातून आलेले आपले जवान हे स्वीकारणार नाहीत, हे कारण नेहमी पुढे केलं जातं. मी जवळपास तीस वर्षं जवानांत राहिलो. गावात ज्याच्या हातचं पाणी प्यायचा नाही, त्याच्या शेजारी बसून जवान लंगरमध्ये जेवतो. ज्या धर्माचं एक वाक्य त्याला माहीत नसतं, त्याच्या सणाला सर्वधर्मस्थळात हात जोडून उभा राहतो. सुरुवात आदेशाने होते. दोन वर्षांनी तोच माणूस त्याचा बडी असतो आणि त्याच्यासाठी तो जीव टाकतो. हे ज्या फौजेने करून दाखवलं, तिनेच आता आमचे जवान तयार नाहीत म्हणावं, हे मला पटत नाही. तो जवानाचाही अपमान आहे आणि फौजेच्या शिस्तीचाही.

तुम्हाला काय वाटतं ते मनापासून लिहा. विरोध असेल तर तोही लिहा, फक्त शिवीगाळ नको.

पिंपळफाटा

राम राम साहेब. मी हवालदार म्हणून निवृत्त, धाकटा भाऊ अजून सेवेत आहे. तुमच्या त्या शिपायावर अन्याय झाला हे मान्य. पण माझा विरोध आहे आणि तो कोणाच्या द्वेषातून नाही.

पुढच्या चौकीवर सहा जण एका बंकरमध्ये झोपतात. स्लीपिंग बॅगला स्लीपिंग बॅग लागलेली असते. बर्फात चार-चार महिने खाली उतरता येत नाही. विलायतेतला सैनिक संध्याकाळी घरी जातो, आपला जात नाही. तिथे एकाला दुसऱ्याबद्दल काही वाटलं आणि दुसऱ्याला ते नको असलं, तर तो जाणार कुठे? आणि वरच्या हुद्द्याच्या माणसाने नवीन रिक्रूटवर जबरदस्ती केली तर? आज निदान कायद्याची भीती आहे. ती काढून टाकली तर कमजोर पोराचं रक्षण कोण करेल?

वकील_सिव्हिललाइन्स

पिंपळफाटा यांनी भीतीचा मुद्दा काढला, म्हणून कायदा नेमका काय आहे ते सांगतो.

६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की दोन प्रौढांनी संमतीने, खासगीत ठेवलेला समलिंगी संबंध गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ३७७ सारखं कलमच नाही. पण सैनिकाला सैन्य कायदा, १९५० लागू असतो. त्याच्या कलम ४६ मध्ये क्रूर, अश्लील किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लाजिरवाण्या वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ४५ हुद्द्याला न शोभणाऱ्या वर्तनाचं, ते अधिकारी आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) लागतं. कलम ६३ शिस्तभंगाचं, त्यात काहीही बसवता येतं. वायुसेनेच्या कायद्यातही कलम ४६ आहेच. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिलेला आहे. व्यभिचाराचं कलम ४९७ न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की सेनादलं त्या वर्तनावर शिस्तीची कारवाई करू शकतात. म्हणजे बाहेरचा निकाल आपोआप छावणीत शिरत नाही.

आता जबरदस्तीचं. कलम ४६ मध्ये संमती आहे की नाही हा शब्दच नाही. सुट्टीत स्वतःच्या घरी, स्वतःच्या माणसासोबत राहिलेला जवान आणि रिक्रूटवर हात टाकणारा उस्ताद (प्रशिक्षक), दोघंही एकाच कलमाखाली येऊ शकतात. कमजोर पोराचं रक्षण याने होत नाही. उलट ज्याच्यावर जबरदस्ती झाली तोच तक्रार करायला घाबरतो, कारण चौकशीत आपल्याच नावावर तो शिक्का बसेल ही धास्ती असते. रक्षण करायचं तर बळजबरी आणि हुद्द्याचा गैरवापर यावर कडक, स्पष्ट कलम पाहिजे, मग अत्याचार करणारा पुरुष असो की बाई.

एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. समलिंगी व्यक्तीने भरती होऊ नये असं सैन्य कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. स्त्रियांना मात्र कलम १२ ने चक्क अपात्र ठरवलं होतं, सरकार अधिसूचना काढेल तेवढ्याच शाखा वगळून. तरीही त्या आज आत आहेत.

रानजाई

वकीलसाहेबांनी स्त्रियांचा विषय काढला, म्हणून लिहिते. मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, अधिकारी होते. लेस्बियन आहे. हे वाक्य नागपुरातल्या फार थोड्या लोकांसमोर बोलले आहे.

स्त्री अधिकाऱ्यांच्या पर्मनंट कमिशनचा (कायम नेमणुकीचा) खटला चालू होता तेव्हा सरकारने सर्वोच्च न्यायालयात काय सांगितलं होतं, आठवतं का? की जवान प्रामुख्याने ग्रामीण भागातले पुरुष आहेत आणि स्त्रीचा हुकूम मानायची त्यांची मानसिक तयारी अजून झालेली नाही. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयाने हे म्हणणं फेटाळलं. मी तेव्हा वर्दीत होते. माझ्या हाताखालच्या ड्रायव्हर जवानांनी माझ्या हुकुमावर रात्रीबेरात्री बर्फातून गाड्या काढल्या होत्या. त्यांच्या नावाने कोर्टात असं काही सांगितलं जातंय हे वाचून मला स्वतःपेक्षा त्यांच्यासाठी जास्त वाईट वाटलं. कामठीरोड काका, तुमचं ते अपमानाचं वाक्य मला म्हणून लागलं.

लपवण्याची किंमत काय असते, ते एका प्रसंगातून सांगते. माझ्या जोडीदाराचं ऑपरेशन होतं. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं, नातं लिहावं लागतं. मी मावशी लिहिलं. सीओ (युनिटचे प्रमुख) चांगले होते, त्यांनी काळजीने विचारलं, कोणत्या हॉस्पिटलमध्ये आहे, तिथल्या एमएचमधून (लष्करी रुग्णालयातून) कोणाशी बोलू का? इतकी चांगली मदत समोर असताना मला ती नाकारावी लागली, कारण चौकशी झाली असती तर मावशी सापडलीच नसती. ज्या संस्थेत शब्दाला सगळ्यात जास्त किंमत, तिथे मी माझ्या वरिष्ठासमोर उभं राहून खोटं बोलले. पती-पत्नी दोघं सेवेत असले तर एकत्र पोस्टिंगचा विचार होतो. आम्हाला तर एकमेकींचं नाव कुठल्याच फॉर्मवर लिहिता येत नव्हतं. मुदत संपल्यावर मी वाढवून मागितली नाही. काम मला मनापासून आवडायचं.

काटोलवाला

भाऊ, मी काटोलकडचा. संत्र्याची बाग हाये. मराठी शुद्ध येत नाई, समजून घ्या.

माहा पोरगा अग्निवीरच्या भरतीची तयारी करून राहिला. रोज सकाळी उठून सोळाशे मीटर धावते. बारावी झाल्यावर त्यानं त्याच्या मायले सांगतलं का त्याले पोरी आवडत नाई, पोट्टे आवडते. मायनं मले सांगतलं. आठ दिस घरात कोनी धड बोललं नाई. मंग मी त्याले म्हनलं, बापू, तू माहा हायेस, जेवाले बस. त्याच्यावर आमच्या घरात आता वाद नाई.

पन मले इचारायचं हाये का त्याले भरती होऊ द्याव का नाई? फॉर्मात असं काई इचारते का? मेडिकलमधी समजते का? अन् नोकरी लागली, मंग मधातच कोनाले समजलं तं त्याचे काय हाल करतीन? ते शिपायाचं वाचून जीव घाबरला बाप्पा.

सक्करदऱ्याचा

काटोलवाले काका, तुमच्या मुलाला नमस्कार. तुमच्या प्रश्नांची उत्तरं वकीलसाहेब देतील, मी इंग्लंडमध्ये आहे तर इकडचं सांगतो.

पिंपळफाटा म्हणाले की विलायतेतला सैनिक संध्याकाळी घरी जातो. बराकीतल्या दिवसांत कदाचित. पण अफगाणिस्तानात हेलमंडला हेच सैनिक सहा-सहा महिने मातीच्या भिंतींच्या छोट्या चौक्यांत राहत होते, आणि तेव्हा बंदी उठून काही वर्षं झालेली होती. ब्रिटनमध्ये १२ जानेवारी २००० पर्यंत समलिंगी असणं हेच सैन्यातून काढायला पुरेसं कारण होतं. काढलेल्या चौघांनी दोन खटले युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात नेले आणि सप्टेंबर १९९९ मध्ये ते जिंकले. तिथल्या संरक्षण खात्याचा बचावही हाच होता की आम्ही सैनिकांची मतं घेतली आणि बहुतेकांना हे नको आहे. न्यायालयाने उत्तर दिलं की बहुसंख्यांचा पूर्वग्रह हे पुरेसं कारण होऊ शकत नाही, जसा तो वंश किंवा रंगाच्या बाबतीत होऊ शकत नाही.

बंदी उठली आणि सैन्य मोडलं नाही. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. काढून टाकलेल्यांना ५० हजार पौंड भरपाई जाहीर झाली. काहींची पदकं काढून घेतलेली होती, ती परत द्यायचं ठरलं. पण त्यातले कितीतरी जण तोवर म्हातारे झाले होते, काही गेले होते.

आणखी एक. ब्रिटिश सैन्यात नेपाळचे गुरखे आहेत. त्यांनाही तिथला हाच नियम लागू आहे. त्याच डोंगरांतले, त्याच घरांतले जवान आपल्या गोरखा पलटणींतही आहेत. एका भावाला हा नियम चालतो आणि दुसऱ्याला आपली संस्कृती आड येते, याचा विचार व्हावा.

पाचपावली_१४

जय भीम. संस्कृतीचा आणि जवानांना चालत नाही याचा मुद्दा आला, तर नागपूरकरांनी एक इतिहास विसरू नये.

१८९० नंतर इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. आधीच्या शंभर वर्षांत जे लढले होते त्यांना अचानक लढाऊ जमात नाही म्हणून बाजूला काढलं. वरच्या जातीचे शिपाई यांच्यासोबत राहणार नाहीत, हेही त्यामागे होतंच. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. गोपाळबाबा वलंगकर स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर मोडून टाकली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या पाठपुराव्याने. त्याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या १९८७ च्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

दोन्ही अन्याय सारखे आहेत असं मी म्हणत नाही. जात लपवता येत नव्हती आणि तिचा छळ पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. पण सोबतचे शिपाई स्वीकारणार नाहीत, हे कारण मी घरात आजोबांकडून ऐकलेलं आहे. ते दुसऱ्या कोणासाठी वापरलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही.

पिंपळफाटा

पाचपावली भाऊ, तुमचं म्हणणं मनावर घेतलं. वकीलसाहेबांचा संमतीचा मुद्दाही बरोबर वाटतो. पण बंकरच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कामठीरोड

पिंपळफाटा, बंकरचं सांगतो. तुम्हीही राहिलात, मीही राहिलो. बंकरमध्ये आपण एकमेकांच्या अंगाला ऊब म्हणून टेकून झोपलो आहोत. त्या सहा जणांत असा एखादा आपल्या वेळीही असेल. त्याने काही केलं का? त्याला थंडी वाजत होती, घरची आठवण येत होती आणि स्टँड-टूची (हल्ल्यासाठी सज्ज राहण्याची) वेळ जवळ येत होती, आपल्यासारखीच. ज्याने काही केलं, त्याला शिक्षा करा आणि जबर करा. स्त्री अधिकारी चौक्यांवर जायला लागल्या तेव्हा पुरुष जवानांना आपण हेच सांगितलं, की नजर आणि हात ताब्यात ठेवायचे, नाहीतर कोर्ट मार्शल. तोच नियम सगळ्यांना.

आता दुसरी बाजू पाहा. इंटेलिजन्सवाले दरवर्षी येऊन लेक्चर देतात की शत्रूचा माणूस तुमची कमजोरी शोधतो, लपवलेली गोष्ट शोधतो आणि तिथे बोट ठेवतो. या जवानाची लपवलेली गोष्ट कोणी तयार केली? आपल्याच नियमाने. उद्या त्याला घरी, पलटणीत, सीओसमोर उघड बोलता आलं, तर धमकी द्यायला कोणाच्या हाती काही उरत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये मधला मार्ग म्हणून नियम आणला, की आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. त्याखाली १३ हजारांहून जास्त लोक काढले गेले. इराकचं युद्ध चालू असताना त्यांनी अरबी जाणणारे भाषांतरकारसुद्धा काढले. सप्टेंबर २०११ पासून तो नियम गेला. अर्धवट परवानगीने काम भागत नाही, आपल्याकडे तीही नाही.

आपल्याकडे तर गोष्ट सांगायलाही मनाई झाली. दिग्दर्शक ओनिर यांनी एका समलिंगी मेजरच्या खऱ्या आयुष्यावरून पटकथा लिहिली होती, २०२२ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिला नाहरकत दिली नाही.

रानजाई

एक भर घालते. कलम बदललं म्हणजे सगळं झालं असं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे उद्या उघडपणे सेवा करता आली, तरी जवान शहीद झाल्यावर त्याच्या जोडीदाराला फॅमिली पेन्शन नाही, क्वार्टर नाही, ईसीएचएस कार्ड नाही. काका, तुमच्या किंड्रेड रोलमध्ये ती रेघ कोरीच राहते. निदान कळवण्यासाठी एक नाव जवानाने स्वतः निवडावं, नातं कोणतंही असो, एवढी सोय तरी लगेच व्हावी. त्यासाठी संसदेची वाट बघायला नको.

वकील_सिव्हिललाइन्स

काटोलवाले, तुमच्या प्रश्नांकडे येतो.

भरतीच्या अर्जात हा प्रश्न नसतो. मेडिकलमध्ये उंची, छाती, नजर, कान, गुडघे, रक्त, लघवी तपासतात. कोणावर प्रेम आहे हे तपासणारी कोणतीही चाचणी जगात नाही. कोणी पैसे घेऊन काही सांगायला आला तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

धोका नंतरचा आहे आणि अग्निवीराला तो जास्त आहे. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंतच कायम होतात, बाकीचे परत येतात. शेवटपर्यंत सगळं वरिष्ठांच्या शेऱ्यावर अवलंबून असतं. त्यामुळे मुलाला चार गोष्टी आधी माहीत पाहिजेत. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही. कोणतीही शिक्षा झाली की तिची तारीख आणि कारण स्वतःकडे लिहून ठेवायचं. अन्याय झाला तर सैन्य कायद्याच्या कलम २६ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. त्याच्या पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, महाराष्ट्रासाठी त्याचं पीठ मुंबईला बसतं.

कामठीरोड साहेबांनी सांगितलेल्या शिपायासारख्या प्रकरणांबद्दलही सांगतो. वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ चार लाल नोंदी झाल्या म्हणून जवानाला आपोआप घरी पाठवता येत नाही. चौकशी करावी लागते, त्याची सेवा कशी आणि कुठे झाली ते पाहावं लागतं. ही वाट आता पूर्वीइतकी सोपी राहिलेली नाही.

काटोलवाला

वकीलसाहेब, हे सगळं पोराले वाचून दाखवलं. तो म्हनते मले जायचंच हाये. मी आता नाई म्हननार नाई. पन त्यानं तिथं जाऊन चार वर्ष तोंड दाबून राहाव, हे मले आवडत नाई. बाप म्हनून सांगून राहिलो.

पिंपळफाटा

काटोलवाले भाऊ, मी या धाग्यावर विरोधात होतो आणि उघडपणे सांगू देण्याबाबत मनात अजून प्रश्न आहेत. पण तुमचा मुलगा भरती झाला आणि माझ्या भावाच्या कंपनीत आला, तर भाऊ त्याच्याकडे धाकट्या भावासारखं पाहील. तेवढं मी त्याच्याशी बोलून घेतो.

कामठीरोड

काटोलवाले, मुलाला येत्या रविवारी माझ्याकडे पाठवा, पत्ता व्यक्तिगत निरोपात देतो. येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, डोमिसाइल आणि जातीचा दाखला सगळं मूळ आणणे. वडिलांचं नाव प्रत्येक कागदावर एकसारखं आहे का ते आधी तपासा, स्पेलिंगच्या एका अक्षरावरून मैदानातून परत पाठवलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि सोळाशे मीटरला त्याला किती वेळ लागतो ते लिहून पाठवा. साडेपाच मिनिटांच्या आत येत असेल तर उत्तम. पहिली दोन चक्करं तो फार जोरात धावत असेल, नवीन पोरं तेच करतात, ते आपण बघून घेऊ.